पाचव्या थरातला कोळसा

सर, आज दुपारी तारखा आल्या. आपल्या रिठावरच्या पाचव्या थरातल्या, भाताच्या जळक्या दाण्यांच्या. तुम्ही ते दाणे काचेच्या बाटलीत घालून, चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवले होते आणि म्हणाला होतात की एवढ्याशा मालावर आज काही व्हायचं नाही, पण पुढे कोणीतरी करील. तेव्हा एका तारखेसाठी मूठभर कोळसा लागायचा, आता एका दाण्यावर काम भागतं. चार दाणे पाठवले, चारही एकमेकांशी जुळले, आणि चौघांनीही तेच सांगितलं की तुमचं बरोबर होतं. तुम्ही म्हणत होतात तेवढंच जुनं आहे ते गाव, उलट थोडं अधिकच. विभागात पेढे वाटले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आताची पोरं तुम्हाला फक्त फोटोत ओळखतात, तरी आनंद सगळ्यांना झाला. मी पेढा तोंडात टाकला आणि तो काही केल्या गिळवेना. शेवटी पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला.

कारण अहवालाचं काम जी बघते ती माझीच विद्यार्थिनी, हुशार पोरगी, हसत हसत माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, मॅडम, पहिली तारीख हजारभर वर्षांनी का चुकली त्यावर एक टीप लागेल. त्या खड्ड्यात तुम्हीच होतात, तेव्हा संध्याकाळपर्यंत चार ओळी तुम्हीच द्या. मग माझं तोंड पाहून तिला वाटलं असेल की मॅडमना आठवत नाही, म्हणून स्वतःच म्हणाली, तेव्हाची पद्धत जुनी होती, प्रयोगशाळेकडूनच काही राहिलं असेल, तसं लिहिलं तरी चालेल. प्रयोगशाळेकडून काहीही राहिलं नव्हतं, सर. काय झालं होतं ते मला माहीत आहे, आणि तेव्हापासून माझे हात गार पडलेत. उन्हाळ्याचे दिवस आहेत, पंखा गरगरतोय, आणि मी शाल पांघरून बसले आहे.

मी भित्री हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. भागूबाई म्हणायचात मला. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा तुम्ही जीप आणि तंबू घेऊन आमच्या लाखांदूरच्या बाजूला आलात. मी एमए करून घरी बसले होते. या गावची एक मुलगी हेच शिकली आहे असं कोणीतरी सांगितलं, आणि तुम्ही थेट आमच्या दाराशी. रीठ म्हणजे आमच्याकडे उजाड पडलेलं जुनं गाव, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. पाण्याच्या बोडीच्या वरच्या अंगाला ते टेकाड, त्याच्या उताराला बाबांच्या धानाच्या बांध्या. खापरं सगळ्यात दाट सापडली ती बाबांच्या वरच्या बांधीत. खड्डा घ्यायला परवानगी मागताना तुम्ही बाबांपुढे हात जोडलेत. बाबांना उभ्या जन्मात कोणा साहेबानं हात जोडले नव्हते. त्यांनी त्या वर्षी त्या बांधीत धानानंतरची लाखोरीसुद्धा पेरली नाही. मजुरीच्या बाया मी जमवल्या, त्यांत माझी मायही होती.

पहिला कोळसा दिसला तो तिसऱ्या थरात, आणि मी तो आपला बोटांनी उचलला. तुम्ही वरून असे ओरडलात की टोपल्या जागच्या जागी थांबल्या. म्हणालात, हाताला खोबरेल आहे तुझ्या, ते तेलही कालचं झाडच आहे, आणि हजारो वर्षांच्या वस्तूला तू कालचं झाड फासते आहेस! मजूर बायांसमोर, मायसमोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खड्ड्यात पडू नये म्हणून मी मान वर करून उभी राहिले, तर तुम्हाला वाटलं मी उलट बघते आहे. मग दुपारच्या सुट्टीत तुम्ही सगळ्यांना बसवून समजावलंत. झाड जिवंत असेतोवर हवेतून कार्बनचा एक अंश घेत राहतं, मेलं की घेणं थांबतं, आणि आतला अंश ठरल्या वेगानं कमी होत जातो. किती उरला ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं. त्यात ताज्या लाकडाचा कोळसा मिसळला तर सगळं अलीकडे सरकतं, शिळ्या भातात ताजा भात कालवल्यावर किती दिवसांचा ते सांगता येत नाही तसं. मायनं विचारलं, मंग माणसाचंबी कळत असन? तुम्ही म्हणालात, कळतं, हाडावरून कळतं. मायनं स्वतःचं मनगट उलटसुलट करून पाहिलं. मी मात्र त्या दिवसापासून डोक्याला तेल लावणं सोडलं आणि चिमटा कमरेला बांधून फिरायला लागले.

आता तेव्हा जे सांगायला हवं होतं ते सांगते. त्या वरच्या बांधीत मोहफुलाचं झाड होतं. चार माणसांच्या कवेत येणार नाही एवढं. माय चैत्रात त्याच्याखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची आणि पहाटे फुलं वेचायची. मी कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात वादळानं ते झाड पडलं. खोड लोकांनी नेलं, बुंधा राहिला, बांधीच्या अगदी मधोमध. बाबांनी खणून पाहिलं, कुऱ्हाड मोडली. मग त्यांनी आमच्याकडे सगळे करतात तेच केलं. बुंध्याभोवती धानाच्या कोंड्याचा ढीग रचला, त्यात शेणाच्या गोवऱ्या, आणि दिली आग लावून. त्या आगीला जाळ नसतो. पंधरा-वीस दिवस ती आतल्या आत धुमसते, बुंधा खाते आणि मग मुळांमधून जमिनीत शिरते. मी सुट्टीत घरी होते. बुंध्यापासून आठ-दहा हात दूर, जिथं वर काहीच नाही तिथं, जमिनीतून धूर निघताना मी डोळ्यांनी पाहिला आहे. माय बकऱ्यांना तिकडे फिरकू देत नसे, पाय आत जाईल म्हणून. पाऊस पडला, बाबांनी खड्डा बुजवला, नांगर फिरवला, धानाचे परे लावले. दोन वर्षांत तिथं झाड होतं असं कोणाला सांगून पटलं नसतं.

आणि ती बांधी आमची नव्हती, सर. कागदावर ती जागा झुडपी जंगल, म्हणजे सरकारची. आजोबांच्या नावावर गावात वीतभर जमीन नव्हती, त्यांनी तो उतार फोडून बांध्या पाडल्या, आणि बाबा पट्ट्यासाठी अर्ज करता करता म्हातारे झाले. जिल्हा फुटला तेव्हा कचेरीत म्हणाले तुमची फाईल गोंदियाच्या गठ्ठ्यात गेली असेल. गोंदियावाले म्हणाले आमच्याकडे असं काही आलं नाही. तुम्ही आलात त्याच साली शेजारच्या गावात अतिक्रमणं काढली होती. वर मोहाचं झाड जाळलं हे कळलं असतं तर तो गुन्हा वेगळाच. आणि जंगलाचा नाकेदार रोज दुपारी तुमच्या तंबूत चहाला. तुम्हाला त्याच्याशी झाडांच्या गप्पा मारायला आवडायचं. तो आला की मी काहीतरी निमित्त काढून खड्ड्यात उतरायचे.

एकदा तुम्ही आमच्या घरी जेवायला आलात, आठवतं का? चुलीसमोर पाटावर बसलात, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहून हात जोडलेत, आणि लाखोरीची डाळ दोनदा मागून घेतलीत. माय एवढी खूश की भरीत वाढायचंच विसरली. जेवता जेवता तुम्ही सहज बाबांना विचारलंत, या बांधीवर पूर्वी झाडं कोणती होती? तुम्ही सगळ्यांनाच विचारायचात. बाबांचा घास तोंडाशी थांबला. म्हणाले, झुडपं होते सर, बोर, पळस. मी डाळीचं भांडं हातात घेऊन उभी. मी बाबांकडे पाहिलं, बाबा ताटातल्या भाताकडे पाहत राहिले. तुम्ही गेल्यावर त्यांनी मला गोठ्यापाशी बोलावलं आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाले, “मोहाचं नाव काढू नको त्या सरापाशी. नाकेदार तिथंच बसून रायते. जमीन गेली तं खाऊ काय?”

मग तो दिवस. पाचवा थर. काळी-तांबडी खापरं, लोखंड गाळल्याचा मळ, आणि जळालेला भात. तुम्ही आनंदानं वेडे व्हायचे बाकी होतात. या भागात लोक इतक्या आधीपासून धान पिकवतात आणि लोखंड गाळतात, असं तुम्ही तारीख यायच्या आधीच चारचौघांत सांगून बसला होतात. आता हवा होता फक्त कोळसा. मी खाली आहे, खड्डा माझ्या डोक्याहून खोल. कोपऱ्यात कोळसा लागतो, चांगला, भरपूर. मी चिमट्यानं उचलून कागदावर जमवते आहे. ब्रश फिरवता फिरवता एका जागी माती भुसभुशीत लागते. खाली गोल काळा डाग, बांगडीएवढा. बोट लावते तर बोट आत जातं, तिरकं. हे काय आहे ते मला कळलं आहे, कोणाचं आहे तेही कळलं आहे. कागदावरचा काही कोळसा थरातला, भाताच्या दाण्यांबरोबर आडवा पडलेला. काही या भोकाच्या तोंडाशी. आता तो एकत्र झाला आहे, आणि नुसत्या डोळ्यांना काळं ते काळंच. वरून तुम्ही वाकता, वही हातात. प्रत्येक नमुन्याच्या वेळी विचारायचात तोच प्रश्न विचारता, “मूळ, बीळ, काही दिसतंय का?” तुमच्या खांद्यामागे नाकेदाराचा खाकी सदरा.

मी म्हटलं, “नाही सर.”

तुम्ही तसं वहीत लिहिलंत. मी चांदीचा कागद दुमडला, वर चिठ्ठी लावली. आणि मग थापीच्या कडेनं तो गोल डाग खरवडून टाकला, आजूबाजूच्या मातीसारखी माती होईपर्यंत. इतकं सफाईदार काम मी त्या अख्ख्या हंगामात केलं नव्हतं. ते कुठल्याही वहीत नाही.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. तुम्ही ते उभ्या उभ्या वाचलंत आणि मग हळूच खुर्चीत बसलात. शिपायाकडे पाणी मागितलंत. पुढच्या चर्चासत्रात तुम्ही स्वतः उठून सांगितलंत की माझा अंदाज चुकला, हे गाव मी समजत होतो त्याहून हजारभर वर्षं अलीकडचं आहे. मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले. मी त्यांच्या पुढच्याच रांगेत बसले होते. परतताना जिन्यात तुम्ही मला विचारलंत, खड्ड्यातलं काही वेगळं आठवतं का गं तुला? मी नाही म्हटलं. तुम्ही मान हलवलीत, म्हणालात, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. आणि त्याच महिन्यात तुमचं भिंग मला दिलंत, जे कायम तुमच्या खिशात असायचं. म्हणालात, तुझी नजर चांगली आहे. ते माझ्या खणात आहे. मी ते एकदाही वापरलेलं नाही, सर. हात लावायलाही भीती वाटते.

आपला सगळा कालक्रम त्या एका तारखेवर टांगला गेला. नदीकाठच्या ज्या ज्या टेकाडावर तसली खापरं सापडली त्यांना तेच वय मिळालं, मग त्यांच्या वरच्या थरांना त्याच्या पुढचं. चार पोरींचे प्रबंध त्यावर उभे आहेत. पुढचे बहुतेक नमुने मी काढले, आणि असे काढले की पोरी मला टरकतात. केसाएवढं मूळ दिसलं तरी मी अख्खा नमुना फेकायला लावते. लोक म्हणतात, सरांच्या हाताखालची शिस्त आहे. कसली शिस्त, निव्वळ धास्ती आहे. बाबांना पट्टा मिळाला, वनहक्काचा नवा कायदा आल्यावर, फोटोसकट. आणि तेव्हा तुम्ही हयात होतात, सर. त्यानंतर आणखी दोन वर्षं होतात. मी दर महिन्याला तुमच्या घरी यायचे, काकू पोहे करायच्या, तुम्ही मोतीबिंदूच्या तक्रारी सांगायचात, आणि मी दर वेळी घरून ठरवून यायचे की आज बोलायचं. पोहे खाऊन परत जायचे. जमिनीची भीती संपली होती. दुसरी कुठली तरी उरली होती, तिला नाव द्यायचंही धाडस झालं नाही.

आज ती टीप लिहायची म्हणून जुनी फाईल काढली. इतक्या वर्षांत मी ती उघडली नव्हती. त्यात प्रयोगशाळेचं एक पत्र निघालं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की नमुन्यात अलीकडचा कोळसा मिसळला असावा अशी शंका येते. जवळपास जळालेलं मूळ किंवा बुंधा होता का ते कळवावं, तसं असल्यास ही तारीख आम्ही बाद करू. खाली तुमच्या उत्तराची कार्बन प्रत. तुमचं ते ठाशीव अक्षर. “नमुना माझ्या विद्यार्थिनीने स्वतः काढला आहे. ती त्याच गावची आहे. मूळ असते तर तिने सांगितले असते. तारीख ग्राह्य धरावी.”

म्हणजे त्यांनी तुम्हाला सुटायची वाट दिली होती. तुम्ही नुसतं ‘असेल’ म्हटलं असतं तरी तुमचा शब्द राहिला असता, मागच्या रांगेतलं ते हसू झालं नसतं. तुम्ही माझ्या एका शब्दावर ती वाट बंद केलीत, आणि मला कधी बोलूनही दाखवलं नाहीत. मी तिथंच कपाटांच्या मध्ये फरशीवर बसले. शिपायाला वाटलं मॅडमचं बीपी वाढलं, तो लिंबूपाणी घेऊन धावला.

मग मायला फोन लावला. बाबा गेले, माय गावीच असते, कान अजून तिखट आहेत. तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. बुंधा तिला आठवत होता, कोळशाचं एवढं रामायण झालं हे तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “पट्टा भेटला, तुहा बाप गेला, नाकेदार कवाचा घरी बसला. आता तुले कायचं भेव वाटून राहिलं?”

उत्तर आहे, पण ते मायला काय सांगू? खरं लिहिलं तर उद्या सगळे विचारतील, ही पहिल्याच खड्ड्यात खोटं बोलली, मग पुढच्या पन्नास चिठ्ठ्यांवर हिची सही आहे त्यांचं काय? थापीनं आणखी काय काय खरवडलं हिनं? त्या चार पोरी माझ्याकडे कशा बघतील? काकू अजून आहेत, त्या वाचतील. आणि मोठं मोठं बोलून काय उपयोग, माझं नाव जाईल, ही भीती आहे. वर्गात शिरले की पोरं उठून उभी राहतात, ती उठणार नाहीत, ही भीती आहे. मायच्या प्रश्नावर मी एवढंच म्हटलं की बघते. ती म्हणाली, बघ बाई.

पाच वाजेपर्यंत बसले होते. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. प्रयोगशाळेवर ढकलायचं नाही एवढं पक्कं होतं, तुमचं ते पत्र वाचल्यावर ते शक्यच नव्हतं. शेवटी असं लिहिलं: नमुना घेतला त्या जागी पूर्वी जळालेल्या मोहाच्या झाडाचं मूळ होतं, असं गावातल्या माहितीवरून आता समजलं आहे, त्यामुळे पहिली तारीख बाद समजावी, प्रयोगशाळेचा दोष नाही, उत्खननप्रमुखांचं पहिलं मत बरोबर होतं. चार ओळी. पाठवून दिल्या. दहा मिनिटांत ती पोरगी धावत आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणाली, मॅडम, स्वतःच्याच नमुन्याबद्दल इतकं खरं कोण लिहितं हो? आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

हे पत्र घरी नेऊन फाडून टाकीन. तुमच्या फाईलमध्ये ठेवावं असं आधी वाटलं होतं, पण ती फाईल आता रोज कोणी ना कोणी उघडणार. टिपेत मूळ होतं एवढं लिहिलं, सर. ते मला तेव्हाच माहीत होतं, हे नाही लिहिलं.